मखमलाबाद ते अंबड: दोन गाड्या, दोन तिकिटे आणि एका महिन्याचा हिशेब

शहर बसच्या भाड्यात बदल होणार अशी बातमी आली की सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते, तो म्हणजे किमान तिकीट किती रुपयांनी वाढले. एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरीची सारी वर्षे काढल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो की त्या आकड्यावरून प्रवाशाच्या खिशाचा अर्धाच अंदाज येतो. उरलेला अर्धा भाग तिकिटाच्या रचनेत असतो: टप्पा किती किलोमीटरचा आहे, गाडी बदलली तर पैसे पुन्हा पहिल्या टप्प्यापासून मोजले जातात का, पास दिवसाचा मिळतो की महिन्याचाच, आणि त्यासाठी एकदम किती पैसे मोजावे लागतात. खालील प्रकरण नाशिकमधल्या एका बाईच्या एका महिन्याच्या प्रवासाचे आहे. ते लहान आहे, पण आमच्या गल्लीतल्या बचत गटाने महापालिकेकडे दिलेला अर्ज त्यावरच उभा राहिला, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रश्न कसा निघाला

या ताई मखमलाबादला राहतात आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामावर जातात. नोकरी कंत्राटदारामार्फत असल्याने हजेरी भरेल तेवढाच पगार मिळतो. घरून निघाल्यावर पहिली गाडी सीबीएसपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, आणि तिथून दुसरी गाडी अंबडकडे, असा त्यांचा नेहमीचा प्रवास आहे. पहिला तुकडा सुमारे सहा किलोमीटरचा आहे आणि दुसरा आठ-साडेआठ किलोमीटरचा, म्हणजे एका दिशेचे एकूण अंतर साडेचौदा किलोमीटरच्या आत राहते. बचत गटाच्या बैठकीत भाडेवाढीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मला सरळ विचारले, "काका, पास काढला तर मला परवडेल का?"

मला वाटले, दोन मिनिटांत उत्तर देता येईल. रोजचे तिकीट गुणिले कामाचे दिवस, त्याच्या शेजारी पासाची किंमत, आणि जे कमी ते घ्यायचे, हा हिशेब मी आगारात असताना कितीतरी प्रवाशांना करून दिला होता. पण ताईंच्या बाबतीत तो लागू पडेना, कारण कामाचे दिवस किती भरतील हे त्यांना एक तारखेला माहीत नसते, आणि संध्याकाळी परत येताना आपण बसमध्ये असू की नाही हेही सकाळी माहीत नसते. ओव्हरटाइम लागला की कंपनीची गाडी शहरातल्या द्वारका चौकापर्यंत सोडते, कधी एखादी मैत्रीण स्कूटीवर घेऊन येते, आणि फार उशीर झाला तर शेअर रिक्षा असतेच.

म्हणून आधी नोंद ठेवायचे ठरले. ताईंनी पहिल्या आठवड्याची तिकिटे एका स्टीलच्या डबीत जपून ठेवली होती. डबी उघडली तेव्हा बऱ्याच तिकिटांवर काहीच वाचता येत नव्हते. यंत्रातून निघणारे ते कागद उष्णतेवर छापलेले असतात, आणि घामेजलेल्या मुठीत धरून, मग पदराला बांधून घरी आणले की त्यावरची अक्षरे उडून कोरा करडा कागद उरतो. आमच्या काळची ट्रेमधली छापील तिकिटे पंच मारल्यावर वर्षभर पाकिटात टिकत, त्यामुळे ही अडचण मला सुचलीच नव्हती. मग दुधाचा हिशेब मांडतात तसाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब मांडला. सकाळच्या दोन गाड्यांसाठी दोन उभ्या रेघा, संध्याकाळच्या दोन गाड्यांसाठी आणखी दोन, आणि परतीला बस नसेल तर गोल. महिना संपला तेव्हा २३ दिवस कामाचे भरले होते आणि त्यातले ८ गोल होते.

कोणते दर धरले आणि का

नाशिकच्या दरपत्रकात वेळोवेळी बदल होत असतो, आणि आमचा अर्ज कोणत्याही एका बदलापुरता नव्हता. म्हणून रचना तपासण्यासाठी मोजपट्टी म्हणून आम्ही पुण्याच्या पीएमपी या शहर बससेवेचे १ जून २०२५ पासून लागू झालेले दर घेतले. वाचकांनी हे आकडे नाशिकचे भाडे समजू नयेत. ते निवडण्यामागे दोन कारणे होती. एक तर ते दहाच्या पटीत असल्यामुळे कोणालाही तोंडी पडताळता येतात. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे: पुण्यात त्या दिवशी केवळ किंमत बदलली नाही, टप्प्याची लांबीही बदलली. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, अशी तीस किलोमीटरपर्यंतची मांडणी झाली. त्याआधी किमान तिकीट ५ रुपये होते. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतला दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० वर गेला आणि महिन्याचा पास ९०० वरून १,५०० वर.

टप्पा मोठा केला की सुट्या पैशांचा वाद मिटतो, ही गोष्ट ज्याने वाहकाच्या बॅगेतली चिल्लर मोजली आहे त्याला पटवून द्यावी लागत नाही. पण मोठ्या टप्प्याचा एक परिणाम हमखास होतो: सीमेच्या पलीकडे राहणाऱ्याचे तिकीट एकदम चढते. पाच किलोमीटरच्या आत उतरणारा १० रुपये देतो आणि त्याच्या पुढच्या थांब्यावर उतरणारा २०. एसटीत सहा किलोमीटरचा टप्पा असतो, आणि तिथे मी अनेकदा पाहिले आहे की माणसे टप्पा संपतो त्या थांब्यावर उतरून उरलेले अंतर पायी जातात, डोक्यावर बोजा असला तरी. टप्प्याची सीमा शहराच्या नकाशावर कुठे पडते, हा म्हणूनच कागदावरचा तपशील राहत नाही.

हिशेब

ताईंच्या दोन्ही गाड्या पाच किलोमीटरच्या पुढे आणि दहाच्या आत जातात, म्हणून या मोजपट्टीवर प्रत्येकीचे तिकीट २० रुपये होते. जायला ४०, यायला ४०. तेवढ्याच अंतरासाठी सरळ एकच गाडी मिळाली असती तर एका दिशेचे ३० रुपये झाले असते. म्हणजे गाडी बदलावी लागते एवढ्याच कारणाने प्रत्येक खेपेला १० रुपये जास्त जातात. अंतर तेच, शहर तेच, आणि पैसे वसूल करणारी संस्थाही तीच.

आता महिना पाहू. परतीला बस असलेले १५ दिवस ८० रुपयांप्रमाणे १,२०० होतात आणि फक्त सकाळी बस असलेले ८ दिवस ४० रुपयांप्रमाणे ३२० होतात, एकूण १,५२०. महिन्याचा पास काढला असता तर १,५०० लागले असते. रोज सकाळी दिवसाचा पास घेतला असता तर २३ गुणिले ७०, म्हणजे १,६१०.

हे तीन आकडे शेजारी लिहिले तेव्हा बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. दरपत्रकात तीन पर्याय आहेत, पण ताईंसाठी तिन्हींची किंमत शे-सव्वाशे रुपयांच्या फरकाने सारखीच येते. पासाने वाचतात ते महिन्याला २० रुपये, आणि त्यासाठी १,५०० रुपये एक तारखेला एकरकमी द्यायचे. पगार हातात पडण्याच्या आधीचे ते दिवस असतात. पुढच्याच महिन्यात कारखान्यात काम कमी होते. ताईंचे १७ दिवस भरले आणि त्यात ५ दिवस परतीला बस नव्हती. सुट्या तिकिटांचे १,१६० रुपये झाले. पास काढला असता तर ३४० रुपये अंगावर पडले असते. म्हणजे ज्या महिन्यात कमाई कमी, नेमक्या त्याच महिन्यात पास तोट्याचा.

त्यामुळे "पास काढला तर परवडेल का" या प्रश्नाचे माझे उत्तर "नाही" असे झाले. ते उत्तर देताना मला बरे वाटले नाही, कारण वाहतूक शाखेत असताना मी स्वतः पासाचा प्रचार करत असे. ज्याचा पगार ठरलेला आणि वेळ ठरलेली, त्याला पास सोयीचा असतो. ज्याची हजेरी हलते त्याला तो पैज लावल्यासारखा वाटतो, आणि महिन्याच्या खर्चावर पैज लावण्याइतकी फट ताईंच्या घरखर्चात नाही.

मग चौथा स्तंभ काढला. गाडी बदलली तरी ठरावीक वेळेत एकच प्रवास धरला आणि भाडे एकूण अंतरावर लावले, तर काय होईल? एका दिशेचे ३० रुपये. पहिल्या महिन्यात १५ गुणिले ६० म्हणजे ९००, अधिक ८ गुणिले ३० म्हणजे २४०, एकूण १,१४०. सुट्या तिकिटांपेक्षा ३८० रुपये कमी. दुसऱ्या महिन्यात ८७०, म्हणजे २९० रुपये कमी. कोणताही पास न काढता, एक तारखेला एकही रुपया अडकवून न ठेवता, कमी कामाच्या महिन्यातही आणि जास्त कामाच्या महिन्यातही हा पर्याय स्वस्त पडतो. आमच्या अर्जातील मुख्य मागणी हीच आहे आणि भाडेवाढ रोखण्याच्या मागणीपेक्षा ती मला अधिक न्याय्य वाटते.

ही कल्पना नवी नाही. सिंगापूरमध्ये २०१० पासून बस आणि मेट्रो मिळून एकूण अंतरावर भाडे लावले जाते. लंडनमध्ये २०१६ मध्ये एका तासाच्या आत घेतलेली दुसरी बस पहिल्याच भाड्यात धरण्यास सुरुवात झाली आणि २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदलण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे मुख्य ठिकाणी येऊन गाडी बदलण्याची सवय लंडनपेक्षा कमी नाही. निमाणी, सीबीएस, शालिमार, द्वारका, नाशिकरोड ही ठिकाणे त्यासाठीच तर गजबजलेली असतात.

पैसे कोण भरणार

अर्ज लिहिताना सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. नाशिकची शहर बससेवा आधी एसटी चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या परिवहन महामंडळाने ती 'सिटीलिंक' या नावाने सुरू केली. या व्यवस्थेत गाड्या ठेकेदारांच्या असतात, त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात आणि तिकिटांचे उत्पन्न महामंडळाकडे जमा होते. गाडी भरून गेली काय किंवा रिकामी गेली काय, किलोमीटरचे देणे तेवढेच राहते. तिकिटांतून खर्च निघत नाही तेवढी तूट महापालिकेच्या तिजोरीतून भरावी लागते. म्हणून सवलतीची प्रत्येक मागणी अखेरीस घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांपाशी येऊन थांबते. हे लपवून अर्ज लिहिणे आम्हाला योग्य वाटले नाही.

या व्यवस्थेचा एक अर्थ आमच्या मागणीच्या बाजूने जातो. किलोमीटरचा खर्च आधीच ठरलेला असल्यामुळे रिकाम्या सीटवर बसलेला जास्तीचा प्रवासी महामंडळाला जवळपास फुकट पडतो, आणि त्याने दिलेले प्रत्येक तिकीट तूट कमी करते. सीबीएसला उतरून पुढे शेअर रिक्षाने जाणारा माणूस एकाच तिकिटात दुसऱ्या बसमध्ये बसला, तर महामंडळाचे काही जात नाही. मात्र सकाळी सात ते नऊ या वेळेत अंबड-सातपूरकडच्या गाडीत रिकामी सीट कुठे असते? तिथे प्रवासी वाढला तर गाडीही वाढवावी लागेल आणि तिचे किलोमीटर मोजावे लागतील. ताईंच्या बाबतीत तर त्या सकाळी नाहीतरी बसनेच जातात, त्यामुळे त्यांचे वाचणारे ३८० रुपये हे महामंडळाचे सरळ कमी होणारे उत्पन्न आहे. परतीच्या ८ गोलांपैकी निम्म्या वेळा त्या बसकडे वळल्या तरी त्यातून १२० रुपयेच परत येतील. हा हिशेब आम्ही अर्जात जसाच्या तसा दिला आहे.

गटातील एका सदस्येने सुचवले होते की सुरुवातीला ही सोय दुपारी अकरा ते चार एवढ्याच वेळेत मागावी, म्हणजे मंजुरी सोपी होईल. मी त्याला विरोध केला. दुपारी गाडी बदलणारे प्रवासी असतात, पण ज्यांच्यासाठी हा अर्ज आहे ते त्या वेळी यंत्रावर उभे असतात.

दुसरी अडचण गैरवापराची. एकाने वापरलेले तिकीट थांब्यावर दुसऱ्याच्या हातात देणे हा प्रकार मी नोकरीत पुष्कळ पाहिला आहे, आणि मार्ग तपासणी पथके त्यासाठीच असतात. यंत्राच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, त्यामुळे गाडी बदलण्यासाठी ठेवलेली नव्वद मिनिटांची मर्यादा वाहकाला वाचता येईल असे कागदावर म्हणता येते. गर्दीच्या गाडीत एका हाताने दांडा धरून पुसट तिकिटावरची वेळ वाचायची आणि मागचा थांबाही सांभाळायचा, हे प्रत्यक्षात वाहकावर अन्याय करणारे आहे. म्हणून ही सोय कागदी तिकिटावर न देता स्मार्ट कार्डावर किंवा मोबाइलमधल्या तिकिटावर द्यावी असे आम्ही सुचवले. तसे केले तर कार्ड यंत्राला टेकवताच मागचा प्रवास किती वाजता सुरू झाला हे यंत्रच ठरवेल आणि वाद वाहकाशी होणार नाही. ताईंकडे साधा फोन आहे, म्हणून कार्ड बसमध्येच, रोख रकमेवर, थोड्या थोड्या पैशांनी भरता यावे ही अट आम्ही त्यात घातली. ती अट नसेल तर एकरकमी पैशांचा जुना अडसर नव्या नावाने परत येईल.

कार्ड आले की आणखी एक गोष्ट शक्य होते. दिवसभरातल्या तिकिटांची बेरीज दिवसाच्या पासाएवढी झाली की त्यापुढे पैसे कापणे थांबवायचे. ताईंना सकाळी ठरवावे लागणार नाही की आज पास घ्यावा की तिकीट. या मोजपट्टीवर पहिल्या महिन्यात फक्त एवढी सोय असती तर १,५२० ऐवजी १,३७० लागले असते. त्याच धर्तीवर आठवड्याची मर्यादा ३५० रुपये ठेवली, तर पाच पूर्ण दिवसांनंतर सहावा दिवस मोकळा मिळेल. आठवड्याचा हिशेब हजेरीवरच्या माणसाला महिन्याच्या हिशेबापेक्षा जवळचा असतो.

दोन वेगळी दारे

अर्ज कुठे द्यायचा यावर बरीच गल्लत होत असते. प्रवासी भाड्याचा दर मोटार वाहन कायद्याखाली ठरतो, आणि शहर बसच्या भाडेवाढीचा प्रस्ताव प्रादेशिक परिवहन प्राधिकरणापुढे जातो. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. सवलतीमुळे पडणारा भार मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकावर येतो. म्हणून टप्प्यांच्या लांबीबद्दलचे आमचे म्हणणे आम्ही प्राधिकरणाला वेगळे दिले आणि गाडी बदलण्याची सोय व आठवड्याची मर्यादा हे विषय महापालिकेकडे दिले.

बैठकीत महिलांच्या अर्ध्या तिकिटाचा विषयही आला. ती सवलत १७ मार्च २०२३ पासून एसटीत सुरू आहे आणि तिचा भार राज्य शासन उचलते. महापालिकेच्या शहर बसला ती आपोआप लागू होत नाही. काही सदस्यांना ती मागणी याच अर्जात घालायची होती. मी ती वेगळी ठेवायला सांगितले, कारण तिचा निर्णय मुंबईत होईल आणि आमची मागणी नाशिकमध्येच सुटू शकते. शिवाय गाडी बदलणाऱ्यांत पुरुष आहेत, विद्यार्थी आहेत, सातपूर-अंबडला जाणारे परप्रांतीय कामगारही आहेत. २०२७ च्या सिंहस्थात तर बाहेरून येणाऱ्यांना शहरातल्या शहरात दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतील. त्या गर्दीत नवी तिकीट पद्धत प्रथमच वापरून पाहणे धोक्याचे होईल, म्हणून तिची चाचणी आधीच एखाद्या मार्गजोडीवर व्हावी, आणि ती मखमलाबाद–सीबीएस–अंबड अशी ठेवता येईल, एवढे अर्जात शेवटी लिहिले आहे.

दोन्ही अर्जांची पोच मिळाली आहे. दरम्यान गटातल्या आणखी चार जणींनी कॅलेंडरवर रेघा मारायला सुरुवात केली आहे. या वेळी एक नवी खूण वाढवली आहे. ताईंची आई भगूरला असते आणि दोन महिन्यांत ताई तिकडे एकदाच गेल्या, कारण रविवारी दोन गाड्या बदलून जायचे म्हणजे कामाच्या दिवसाइतकाच खर्च येतो. न केलेला प्रवास तिकीट यंत्रात कधीच नोंदला जात नाही. म्हणून ज्या दिवशी कुठे जायचे मनात होते पण भाड्याच्या विचाराने राहून गेले, त्या तारखेखाली आता एक लहान फुली असते. पहिल्या दोन आठवड्यांत अशा सहा फुल्या झाल्या आहेत.